मनाच्या आजारांविषयी – भाग ७ : भावाला आहे, मग मला होईल का?

मागच्या भागात स्किझोफ्रेनियाची लक्षणं पाहिली. कानात येणारे आवाज, कशानेही न हलणारा संशय, हळूहळू माणसांतून उठून जाणं. औषधांचं बोलणं आटोपलं की बरोबर आलेली बहीण दाराशी घुटमळते आणि हळूच विचारते, “डॉक्टर, मला होईल का?” लग्न जमवताना हाच प्रश्न दुसऱ्या तोंडून येतो: “त्यांच्या घराण्यात वेडाचं काही नाही ना?”

हा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण जास्त म्हणजे किती, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्विंग गॉट्समन यांनी युरोपातल्या अनेक दशकांच्या कुटुंब-पाहण्या आणि जुळ्यांचे अभ्यास एकत्र करून १९९१ मध्ये आकडे मांडले. सर्वसाधारण समाजात शंभरातल्या साधारण एकाला हा आजार होतो. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात ९, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर १३, दोघांनाही असेल तर ४६. नंतरच्या काही अभ्यासांत हे आकडे थोडे खालीही आले आहेत.

आता दाराशी उभ्या त्या बहिणीचा हिशेब करू. तिला आजार न होण्याची शक्यता शंभरात ९१. भावाच्या आजारामुळे तिचं स्थळ मोडतं, ते बहुधा तिच्या होणाऱ्या मुलांच्या काळजीने. तर रुग्णाच्या भाच्या-पुतण्यांचा आकडा शंभरात ४ आहे. म्हणजे ९६ मुलांना काही होत नाही. एवढ्यासाठी एका मुलीचं लग्न मोडणं हा अन्याय आहे. आणि ‘आमच्यात कुणालाच नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्या घराचं काय? गॉट्समन यांच्याच हिशेबानुसार सुमारे ६३ टक्के रुग्णांच्या जवळच्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा, काका-मामा-आत्या-मावशी यांच्यात, कुणालाही हा आजार नसतो.

पण हे रक्तातून येतं की घरातल्या वातावरणातून? एके काळी सगळं खापर आईवर फुटायचं. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी आईच्या थंड, हुकमी वागण्यातून हा आजार उद्भवतो अशी कल्पना मांडली आणि पुढची काही दशकं हजारो आयांनी तो डाग सोसला. १९६६ मध्ये लेनर्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनोरुग्णालयात दाखल असलेल्या, स्किझोफ्रेनिया झालेल्या मातांची ४७ मुलं जन्मानंतर तीन दिवसांच्या आतच आईपासून दूर झाली होती. मोठेपणी त्यांच्यातल्या ५ जणांना हा आजार झाला. आईला आजार नसलेल्या, पण तशाच दूर वाढलेल्या ५० मुलांपैकी एकालाही झाला नाही. जिने मुलाला वाढवलंच नाही, तिच्या वागण्याला दोष कसा देणार? तरीही आपल्याकडे अजून “आईने लाडावून ठेवलं” असं म्हणणारे नातेवाईक भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

मग सगळं जनुकांतच आहे का? तसंही नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात, पण एकाला आजार झाला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण सुमारे निम्मंच आहे. नवे अभ्यास तर ते तिसऱ्या हिश्शापर्यंत खाली आणतात. अमेरिकेत १९३० मध्ये जन्मलेल्या, ‘जेनेन’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या एकसारख्या चार बहिणींचा तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने दीर्घकाळ अभ्यास केला. चौघींनाही विशीतच हा आजार असल्याचं निदान झालं. पण एकीने नोकरी केली, लग्न केलं, दोन मुलगे वाढवले, तर दुसरीला शाळाही पुरी करता आली नाही.

यामागे एकच एक जनुक नाही. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजाराशी संबंध असलेल्या २८७ जागा सापडल्या आणि बहुतेक जागांचा वाटा अगदी लहान होता. याला थोडे अपवाद आहेत: बाविसाव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा जन्मतःच नसेल, तर साधारण चौघांत एकाला असा आजार होतो. बाकी बाबतीत जनुकांमुळे कल तयार होतो आणि त्यावर इतर गोष्टींची भर पडते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे हा आजार सुमारे दुप्पट आढळला. कोवळ्या वयात गांजा ओढण्यानेही धोका वाढतो.

त्यामुळे ‘मला होणार का’ हे सांगणारी रक्ततपासणी आज नाही. तशी कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका. घरात रुग्ण असेल तर वयात आलेल्या मुलांना गांजापासून दूर ठेवा आणि का, तेही त्यांना मोकळेपणाने सांगा. झोप उडाली, मित्र तुटले, अभ्यास अचानक ढासळला, विनाकारण संशय येऊ लागला, तर परीक्षा संपायची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी सुधारण्याची शक्यता जास्त. आजार बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या भावंडांचा बराचसा धोका मागे पडलेला असतो.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पुढच्या भागात या शुभंकरांविषयी: औषध नाकारणाऱ्या माणसाशी घरात कसं बोलायचं, आणि आपण थकलो तर काय करायचं.