लॅपटॉपमध्ये नवी विंडोज : आधी दप्तर सांभाळा

2025 च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका दूध संस्थेचे सचिव सकाळचं संकलन उरकून भेटायला आले. संस्थेच्या लॅपटॉपवर रोज एक सूचना येत होती, की या विंडोजला 14 ऑक्टोबरनंतर कंपनीकडून दुरुस्त्या मिळणार नाहीत. "साहेब, हे काय प्रकरण आहे? करू काय?" मी घाईत होतो. म्हटलं, "तालुक्याला न्या आणि नवी विंडोज मारून घ्या."

त्यांनी तसंच केलं. दुकानातल्या मुलाने विचारलं, "डेटा ठेवायचाय का?" सचिव म्हणाले, "सगळा डी ड्राइव्हला टाकलाय, काळजी नाही." मुलाने ऐकलं न ऐकलं आणि अख्खी डिस्क फॉरमॅट मारली. कुणाचं किती लिटर, किती फॅट, कुणाची उचल किती, वर्षभराच्या नोंदी गेल्या. दिवाळीचा फरक वाटायला आठ दिवस उरले होते.

मग घरोघरी फिरून पावत्या गोळा केल्या आणि रात्री जागून नोंदी पुन्हा चढवल्या. संघाकडे संस्थेच्या एकूण दुधाचा आकडा होता, सभासदवार नव्हता. ज्यांनी पावत्या जपल्या नव्हत्या त्यांच्याशी वाद झाले. फरक दिवाळी उलटल्यावर वाटला गेला. सल्ला अर्धा होता आणि तो माझा होता. राहिलेला अर्धा आज आपल्यापुढे मांडत आहे.

बदलायची कशाला?

विंडोज म्हणजे लॅपटॉपचा कारभारी. आपण टाइप करतो, छापतो, इंटरनेटवर जातो, ते सगळं त्याच्यामार्फत चालतं. या कारभारात चोराला शिरता येईल अशा फटी वेळोवेळी सापडतात. कंपनी त्या बुजवते आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून आपल्याकडे येते. विंडोज 7 साठीचं हे काम 14 जानेवारी 2020 ला थांबलं, विंडोज 8.1 साठी 10 जानेवारी 2023 ला आणि विंडोज 10 साठी 14 ऑक्टोबर 2025 ला.

त्या तारखेनंतर लॅपटॉप बंद पडत नाही. नेहमीसारखाच चालतो, म्हणून तर माणूस बेफिकीर राहतो. पण कुंपण दुरुस्त करणारा गडी निघून गेलेला असतो. कुंपण आज उभं दिसतं, जनावर कुठून शिरेल ते सांगता येत नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी खंडणी मागितली. त्या फटीची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. ग्रामपंचायतीची देयके आणि संस्थेचे बँक व्यवहार ज्या लॅपटॉपवर होतात, त्याच्यासाठी हा धोका पत्करू नये.

आपल्या लॅपटॉपला बसेल का?

जमीन बघून वाण निवडतो, तसं आधी लॅपटॉप तपासावा. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या ठिकाणी कोणती विंडोज आहे, प्रोसेसर कोणता आणि रॅम किती हे दिसतं. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण, 64 बिटचा मान्यताप्राप्त प्रोसेसर, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम 2.0 लागतं. 4 जीबीवर ती चालते, पण रखडत. 8 जीबी असावी. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे बसतात.

टीपीएम ही लॅपटॉपच्या आतली कुलूपकिल्ली सांभाळणारी सोय. पुष्कळदा ती असते, पण बंद ठेवलेली असते. जाणकाराकडून बायोसमध्ये चालू करून घेता येते. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम चालवला की लॅपटॉप बसतो की नाही, आणि नसेल तर का नाही, हे सांगतो. मूळ परवान्याची विंडोज 10 असेल तर 11 मोफत मिळते. फोन करून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नये.

आधी बी राखा

नवं वाण पेरताना शहाणा शेतकरी घरचं बी राखून ठेवतो. लॅपटॉपचं बी म्हणजे त्यातली माहिती. लॅपटॉप पुन्हा विकत मिळतो, तीन वर्षांची खातेवही मिळत नाही.

इथे नेहमी होणारी चूक सांगतो. सी आणि डी ड्राइव्ह या बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डी ला टाकलं म्हणजे राखलं असं नाही. डिस्क गेली की दोन्ही गेले. राखलेली प्रत लॅपटॉपच्या बाहेरच हवी. दोन प्रती कराव्यात : एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर. एक कार्यालयात ठेवावी, एक दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर कपाटाबरोबर दोन्ही जातात.

डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही ठिकाणं सहसा सी ड्राइव्हवर असतात, ती विसरू नयेत. दूध संकलन किंवा हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहिती वेगळ्याच फोल्डरमध्ये असते. त्या प्रोग्रॅममधलाच बॅकअप घ्यावा आणि परवाना नव्या विंडोजवर कसा चालू होईल ते विक्रेत्याला आधी विचारावं. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड वहीत उतरवून वही कुलपात ठेवावी.

प्रत केली म्हणजे काम झालं असं समजू नये. ती दुसऱ्या संगणकावर लावून चार-पाच फायली उघडून बघाव्यात. बियाण्याची उगवण तपासतो ना, तसंच हे.

फॉन्ट, सही आणि रिकव्हरी की

ग्रामपंचायतींच्या लॅपटॉपवर या तीन गोष्टी हमखास अडवतात.

पहिली, जुने मराठी फॉन्ट. युनिकोड येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव आणि दाखले, तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फक्त फॉन्ट हरवलेला असतो. विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्स या कप्प्यातून लागणारे फॉन्ट उचलून बॅकअपमध्ये ठेवावेत. पुढचं टायपिंग युनिकोडमध्येच करावं, म्हणजे ही कटकट कायमची मिटेल.

दुसरी, डिजिटल सही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची डीएससी यूएसबी टोकनमध्ये असते. लॅपटॉप फॉरमॅट मारला तरी ती जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर आणि सही करण्याचा प्रोग्रॅम पुन्हा घालावा लागू शकतो. त्या फायली आणि टोकनचा पिन आधी हाताशी ठेवावा. पिन अंदाजाने टाकत बसलं तर टोकन लॉक होतं.

तिसरी, बिटलॉकरची रिकव्हरी की. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते. बायोसमध्ये किंवा विंडोजमध्ये बदल झाला की कधीकधी 48 आकडी किल्ली मागितली जाते. ती नसेल तर माहिती कुणालाही काढता येत नाही. ही किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या पानावर मिळते. ती कागदावर लिहून कपाटात ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे.

कधी आणि कसं?

मार्चअखेर, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, जुलैत पीक विम्याच्या गर्दीत किंवा फरक वाटपाच्या आठवड्यात हे काम काढू नये. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी आणि तालुक्याच्या तांत्रिक कर्मचाऱ्याला विचारून लागणारी संकेतस्थळे व प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालतात याची खात्री करावी.

बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावून बसावं. भारनियमनाची वेळ टाळावी. सी ड्राइव्हवर 25-30 जीबी जागा मोकळी ठेवावी. डाउनलोड कित्येक जीबींचं असतं, मोबाइलच्या रोजच्या डेटावर भागत नाही. बाहेरची हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, प्रिंटर काढून ठेवावेत. मग सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून नवी विंडोज घ्यावी, किंवा मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून. 'क्रॅक' विंडोज फुकट मिळते खरी, पण तिच्यासोबत काय आत येतं ते नंतर कळतं.

पडद्यावर काय ठेवायचं असं विचारलं, तर 'कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स' निवडावं. फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. 'नथिंग' म्हणजे काहीच ठेवू नको. तिथे घाईने बोट पडता कामा नये. दुकानात दिलं तरी "फॉरमॅट मारायचा नाही, वरूनच अपग्रेड करायचंय" हे स्पष्ट सांगावं आणि जमल्यास शेजारी बसावं. काम चालू असताना लॅपटॉप अनेकदा बंद-चालू होतो. अडकला म्हणून बटण दाबून बंद करू नये, धीर धरावा.

पहिले दहा दिवस

नव्या विंडोजवर पटलं नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथून 'गो बॅक' करून जुन्यावर परतता येतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच सगळं तपासावं : प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, डीएससीची सही, हिशेबाचा प्रोग्रॅम, जुन्या ठरावाची एखादी फाइल. जागा रिकामी करायची म्हणून 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर या काळात पुसू नये. परतीची वाट त्यातच असते. राखलेल्या प्रती तर महिनाभर तशाच राहू द्याव्यात.

बसलीच नाही तर?

लॅपटॉप जुना आहे म्हणून लगेच भंगारात काढू नका. घरगुती वापराच्या विंडोज 10 साठी कंपनीने नोंदणी करणाऱ्यांना वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची सोय ठेवली, तिची मुदत 13 ऑक्टोबर 2026 ठरवली. ही कायमची सोय नव्हे, नवा लॅपटॉप घेण्यासाठी मिळालेली सवड आहे. अटी चुकवून विंडोज 11 बसवून देणारेही भेटतात. कंपनी अशा लॅपटॉपला पुढच्या दुरुस्त्यांची हमी देत नाही, तेव्हा दप्तराच्या लॅपटॉपवर हा प्रयोग नको.

लिनक्सच्या उबुंटू किंवा मिंट या मोफत आवृत्त्या जुन्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी चालतात. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय आवृत्तीही आहे. मुलांचा अभ्यास, पत्रलेखन, इंटरनेट यांना ती पुरते. मात्र विंडोजवरचा हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावर सहसा चालत नाही आणि डीएससीची अडचण येऊ शकते. तेवढं बघूनच ठरवावं. काहीच शक्य नसेल तर तो लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून नुसत्या टायपिंगला ठेवावा, पैशाचा व्यवहार त्यावर करू नये.

त्या दूध संस्थेत आता दर शनिवारी संध्याकाळचं संकलन संपलं की सचिव दोन प्रती घेतात. एक संस्थेच्या तिजोरीत, एक अध्यक्षांच्या घरी. पाऊण तास जातो. सभासदही पावत्या फेकत नाहीत. आपल्या संस्थेत, पंचायतीत शेवटची प्रत कधी घेतली, एवढं आज घरी जाण्याआधी बघा. उत्तर आठवत नसेल, तर विंडोजचं नंतर बघू, आधी ती प्रत घ्या.