मक्ता आणि स्पर्धा : उसाच्या बाजाराच्या संदर्भात

अरबीतून येऊन मराठीत रुळलेल्या ‘मक्ता’ या शब्दाने पूर्वी ठराविक रक्कम भरून सरकारकडून मिळविलेल्या हक्काचा बोध होत असे. आज ‘मक्तेदारी’ म्हणताच बलाढ्य व्यापारी डोळ्यांपुढे येतो. मक्ता देणारे सरकार विस्मरणात जाते. स्पर्धेच्या कायद्याची मर्यादा जाणण्यास हा विस्मृत अर्थ उपयोगी पडतो.

1969 च्या मक्तेदारीविषयक कायद्याचा रोख आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणावर होता. त्याची जागा घेणाऱ्या 2002 च्या स्पर्धा अधिनियमाची दृष्टी निराळी आहे. मोठे असणे हा त्याच्या मते दोष नव्हे. प्राबल्याचा दुरुपयोग हा दोष होय. हे कलम 4 चे सार. प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने दर ठरविणे, उत्पादन रोखणे, बाजार वाटून घेणे अथवा निविदा जुळवून भरणे यांस कलम 3 मनाई करते. ही दोन्ही कलमे 20 मे 2009 पासून अंमलात आली.

कलम 3 मध्ये विक्रीच्या दराबरोबर खरेदीच्या दराचाही स्पष्ट निर्देश आहे. आष्टा परिसरातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. ऊस विकणारा तो, घेणारा कारखाना. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून दूरच्या गिऱ्हाइकाची वाट पाहणे त्यास परवडत नाही. जवळच्या कारखान्यांनी आपसांत दर बांधल्यास तो व्यवहार या कलमाच्या कक्षेत येतो. अधिनियमातील ‘व्यक्ती’ या संज्ञेत सहकारी संस्थाही अंतर्भूत आहेत.

परंतु खरेदीदारच थोडे असले तर? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 2006 साली दुरुस्ती होऊन दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर अंतर आवश्यक ठरले. महाराष्ट्राने ते 25 किलोमीटर केले. प्रत्येक कारखान्यास पुरेसा ऊस मिळावा, हा त्यामागील हेतू. तथापि त्यामुळे नव्या खरेदीदाराची वाट अडते. 1997 पर्यंत तर झोनबंदीने ऊस कोठे घालावयाचा हेही ठरलेले असे. केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर शेतकऱ्यास किमान आधार देतो, हे खरे. त्याहून अधिक दर मात्र खरेदीदारांच्या चढाओढीतूनच मिळावयाचा. रंगराजन समितीने 2012 साली क्षेत्र-आरक्षण व अंतराची अट या दोहोंचा त्याग सुचविला, तो याच विचाराने.

स्पर्धा आयोग संगनमतास दंड करू शकतो. सरकारी नियमाविषयी त्यास मत देता येते, तो नियम रद्द करता येत नाही. व्यापाऱ्यांनी आपसांत निर्मिलेली मक्तेदारी कायद्याने मोडता येते. सरकारने दिलेला मक्ता सरकारनेच परत घ्यावा लागतो.