गाजर गवत, करडईचं भावंड आणि एका मुलीचा प्रश्न



दहावीला प्रजननाचा पाठ शिकवताना आपण फुलाची आकृती काढतो, पुंकेसर-स्त्रीकेसर पाठ करून घेतो आणि पुढे जातो. यंदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, गाजर गवत मूळचं अमेरिकेतलं ना? मग आपल्याकडच्या हवेत त्याला एवढं कसं मानवतं?" "बिया फार होतात" असं म्हणून मी वेळ मारून नेली. उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं.

प्रत्येक वनस्पतीची हवामानाची एक चौकट असते. हापूस कोकणात, सफरचंद काश्मीर-हिमाचलात. वनस्पती परदेशी गेली तरी ही चौकट तीच राहते, असं धरून एखादं तण पुढे कुठे पसरेल याचे नकाशे काढले जातात. पण चौकटच बदलली तर?

स्पॉटेड नॅपवीड नावाचं युरोपातलं एक तण आहे. जांभळट फुलांचं, आपल्या करडईचं भावंडच म्हणा ना! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते उत्तर अमेरिकेत पोचलं, बहुधा लसूणघासाच्या बियाण्यात मिसळून. पुढे मोंटानासारख्या राज्यांतली कुरणं त्याने व्यापली. 2007 साली संशोधकांनी युरोपातल्या हवामानावरून त्याचा अमेरिकेतला नकाशा काढून पाहिला. ते पहिल्यांदा जिथे रुजलं ती ठिकाणं बरोबर आली, पण नंतर पसरलेला कोरडा मुलूख नकाशात आलाच नाही!

इथे प्रजननाचा संबंध येतो. युरोपात या तणाचे दोन प्रकार आहेत. एकात 18 गुणसूत्रं. हे रोप बहुतेक वेळा एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. दुसऱ्यात 36; हे वर्षानुवर्षं जगून पुन्हा पुन्हा फुलतं. अमेरिकेत पसरला तो जवळजवळ सगळा दुसरा प्रकार. आता मुलांना दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याचं उदाहरण द्या. सगळं बी एकाच पेरणीत टाकलं आणि पावसाने दगा दिला, तर संपलं. थोडं राखून ठेवलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा संधी. सतत फुलणाऱ्या रोपाचं तसंच. हा प्रकार युरोपातही तुलनेने कोरड्या जागी वाढतो. अमेरिकेत तो त्याहून कोरड्या भागात शिरला. मूळ देशातले त्याला खाणारे किडे मागे राहिले, हेही एक कारण असू शकतं. सगळं श्रेय फुलण्याच्या पद्धतीला देऊ नये.

आणि प्रत्येक तण असं करतं असंही नाही. 2012 मध्ये 50 आक्रमक वनस्पती तपासल्या, तेव्हा साधारण 15 टक्के वनस्पतींचाच नव्या प्रदेशातला दहाव्या हिश्श्याहून जास्त पसारा जुन्या चौकटीबाहेर दिसला.

आपलं गाजर गवत पुन्हा निराळं. ते वर्षानुवर्षं जगत नाही, पण उगवल्यावर महिन्या-दीड महिन्यात फुलतं आणि एकेक रोप हजारो बिया टाकतं. ओल मिळाली की लगेच नवी पिढी! म्हणजे नॅपवीड थांबून जिंकतं, तर हे घाई करून.

त्या मुलीला मी आता एक काम दिलंय. शाळेच्या कुंपणालगत उगवलेल्या पाच रोपांजवळ काड्या रोवायच्या आणि पहिलं फूल येईपर्यंतचे दिवस वहीत मांडायचे. रोपांना मात्र हात लावायचा नाही. या गवताने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचाही त्रास होतो. आणि फुलं दिसली की बी धरायच्या आत मोठ्या माणसांनी हातमोजे घालून ती रोपं मुळासकट उपटायची.