मॅक्रो शिकायचाय? बचत गटाच्या महिन्याच्या शीटपासून सुरुवात करा

एमएस-सीआयटी झाली, एक्सेलमधली सूत्रं जमू लागली, की पुढचा प्रश्न येतो तो मॅक्रोचा. मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकदा शिकवून ठेवलेलं काम. बटण दाबलं की तीच पावलं पुन्हा आपोआप होतात. पण सुरुवातीलाच ‘अख्ख्या गटाचं सॉफ्टवेअर बनवतो’ म्हणून बसलात, तर अडकायला वेळ लागत नाही.

पहिलं काम कसं निवडावं?

तीन गोष्टी बघा. ते काम तुम्ही आजही हाताने करता का? ते पुन:पुन्हा करावं लागतं का? आणि निकाल बरोबर की चूक, हे बघताक्षणी कळतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ते काम घ्या.

समजा, गटात १५ महिला आहेत आणि प्रत्येकीची महिन्याची बचत २०० रुपये. दर महिन्याला कोऱ्या नमुना शीटची प्रत काढायची आणि तिला महिन्याचं नाव द्यायचं. बस, पहिला मॅक्रो एवढाच.

करायचं कसं?

नमुना शीटचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि मॅक्रोला ती शीट सापडत नाही. सेलमधली सभासदांची नावं मात्र खुशाल मराठीत लिहा.

व्ह्यू टॅबमधल्या मॅक्रोज बटणाखाली ‘रेकॉर्ड मॅक्रो’ आहे. ते सुरू करून शीटची प्रत काढा, नाव बदला आणि रेकॉर्डिंग थांबवा. मग ऑल्ट आणि एफ११ दाबा. तुम्ही केलेलं काम तिथे ओळींत लिहिलेलं दिसेल.

आता मॅक्रो पुन्हा चालवा. तो अडेल, कारण त्याच महिन्याच्या नावाची शीट आधीच आहे. खरं शिकणं इथूनच सुरू होतं. त्या ओळीतलं ठरावीक नाव काढून ‘नमुना शीटच्या बी१ सेलमध्ये जे लिहिलंय ते नाव घे’ असा बदल करायचा. मग दर महिन्याला फक्त बी१ बदलायचा. महिन्यासोबत वर्षही लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी परत तोच घोळ. मधे तिरकी रेघ नको, शीटच्या नावात ती चालत नाही.

हे विसरू नका

मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही. हिशेब बायाबापड्यांच्या घामाच्या पैशाचा आहे. म्हणून सराव कायम फाइलच्या प्रतीवर करा. फाइल ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ प्रकारात सेव्ह करा, नाहीतर मॅक्रो टिकत नाही. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत, कॉम्प्युटरच लागतो. आणि कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली मॅक्रोची फाइल खात्री केल्याशिवाय चालवू नका, त्यातून व्हायरस येऊ शकतो.

पुढचं पाऊल

हे जमलं की दुसरा मॅक्रो घ्या: ज्यांची बचत आली नाही त्यांची नावं वेगळी काढणारा. सगळ्यांनी भरले तर जमा ३,००० हवी. दोघींचे राहिले तर २,६०० आणि यादीत बरोबर दोन नावं. दोन-तीन महिने वहीशी ताळा जुळवून बघा. तोवर वही बंद करू नका.