वीतभर पोटाची खिडकी

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घरात सर्वांत जास्त कोण राबते? गृहिणी, असे उत्तर कोणीही देईल आणि ते बरोबरच आहे. पण तिच्या खालोखाल मान द्यायचा झाला, तर तो घरातल्या प्रत्येकाच्या पोटाला द्यावा लागेल. अभ्यंगस्नान आटोपते न आटोपते तोच चकल्या, चिवडा, करंज्या, अनारसे यांची जी रीघ लागते, ती भाऊबीज झाली तरी थांबत नाही. पोट बिचारे सहसा तक्रार करीत नाही. केलीच, तर चिमूटभर ओव्यावर आपण तिची बोळवण करतो.

आपल्या भाषेलाही पोटाचे मोठे वेड. पोटात कावळे ओरडतात, भीतीने गोळा उठतो, माया पोटात असते आणि दुसऱ्याचे अपराधही आपण पोटातच घालतो. हे वाक्प्रचार वर्गात शिकविताना मला नेहमी वाटते, की भाषेने पोटात एवढे सामान भरून ठेवले खरे. पण तिथे प्रत्यक्ष चालते काय, हे माणसाला फार उशिरा कळले. ते कळले एका खिडकीतून, आणि ती खिडकी होती एका गरीब मजुराच्या बरगड्यांखाली.

अठराव्या शतकात युरोपातील पंडितांचा याच प्रश्नावर वाद चालला होता. कोणी म्हणे, जठर ही चक्की आहे, ती अन्न दळते. कोणी म्हणे, ती चूल आहे, अन्न शिजविते. कोणाला तिथे अन्न आंबत असावे असे वाटे. फ्रान्समधल्या रेओम्यूरने एका शिकारी पक्ष्याला छिद्रे पाडलेल्या नळीतून मांस गिळायला लावले. नळीमुळे ते दळले जाण्याची सोय नव्हती, तरी मांस विरघळलेच. इटलीतल्या स्पालांझानीने तर अन्नाने भरलेल्या कापडी पुरचुंड्या स्वतःच गिळून पाहिल्या. जठरात काहीतरी विरघळविणारा रस आहे, एवढा सुगावा लागला होता. पण जिवंत माणसाच्या पोटात डोकावणार कसे?

ती संधी आली ६ जून १८२२ रोजी. अमेरिकेच्या उत्तरेला मॅकिनॅक नावाचे एक बेट आहे. तिथे कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात कोणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि जवळच उभ्या असलेल्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या डाव्या कुशीत छर्‍यांचा बार बसला. हा कॅनडाचा फ्रेंच भाषा बोलणारा गडी, होडीतून माल वाहणारा. जखम एवढी मोठी, की सकाळची न्याहारी तिच्यातून बाहेर आली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आला, पण रोगी वाचेल असे त्यालाही वाटले नाही. रोगी वाचला. जखमही भरली, मात्र पोटावरचे भोक काही बुजले नाही. जठराच्या भिंतीची कड बरगड्यांजवळच्या कातडीला चिकटली आणि तिथे कायमची खिडकी राहिली. पुढे आतून मांसाचा एक पडदा वाढला. बोटाने तो बाजूला सारला, की आतले सारे दिसे.

या निराधार माणसाला डॉक्टरने आपल्या घरी ठेवून घेतले. त्यात दया होती. पुढे पुढे जिज्ञासाही आली. १ ऑगस्ट १८२५ रोजी भर दुपारी बोमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून तो दोरा त्या भोकातून आत सोडला. तासाभराने ओढून पाहिले, तर पाव आणि कोबी निम्मे विरघळलेले. दोन तासांनी उकडलेले मांसही नाहीसे झाले होते. तेवढ्यात सेंट मार्टिनच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि प्रयोग थांबवावा लागला.

पुढे बोमाँटने तो रस बाहेर काढून कुपीत घेतला, त्यात मांस टाकले आणि कुपी शरीराइतकी ऊबदार ठेवली. वेळ जास्त लागला, पण मांस विरघळलेच. म्हणजे जठर ही चक्कीही नव्हे नि चूलही नव्हे. तिथे रसायनाचे काम चालते. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे इंग्लंडात प्राउटने १८२४ मध्ये दाखविले होते; पेप्सिन हे त्यातले पाचकद्रव्य जर्मनीत श्वानने १८३६ मध्ये शोधून काढले.

पण खिडकीतून दिसले ते घरातले एकच दालन. पचनाची सुरुवात होते तोंडात. लाळेने पिठूळ पदार्थांची साखर होऊ लागते. पोळीचा घास बराच वेळ चावला तर तो गोड लागतो, तो यामुळेच. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास नुसता खाली पडत नाही. स्नायूंच्या लाटा त्याला ढकलीत नेतात. जठरात घुसळून त्याची पेज झाली, की ती थोडीथोडी पुढे सोडली जाते. पुढे यकृतातले पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तिच्यात मिसळतो. तुपातेलाचा समाचार मुख्यतः इथे घेतला जातो.

मग येते लहान आतडे. नावाने लहान, पण लांबी सुमारे ६ मीटर. ‘मोठे’ म्हणविणारे जेमतेम दीड मीटर! पहिल्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखे लाखो बारीक उंचवटे असतात. अन्नाचा सारांश तेच शोषून रक्ताच्या स्वाधीन करतात. मोठे आतडे उरलेल्यातले पाणी परत घेते. आणि मांस विरघळविणारे आम्ल जठरालाच कसे खात नाही? जठराच्या आतून बुळबुळीत थर असतो आणि तिथल्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात, म्हणून.

बोमाँटचे पुस्तक १८३३ साली निघाले. कोणते अन्न जठरात किती वेळ राहते याचे कोष्टकच त्यात आहे. उकडलेला भात एका तासात मोकळा होतो, भाजलेले डुकराचे मांस सव्वापाच तास घेते. आणखी एक गोष्ट त्याने टिपली: सेंट मार्टिन रागावला वा घाबरला, की जठराची आतली त्वचा कधी लाल नि कोरडी पडे, कधी फिकी होई आणि पचन बिघडे.

आता तो का रागावे, हेही पाहिले पाहिजे. तो डॉक्टरच्या घरी लाकडे फोडी, ओझी वाही आणि हाक आली की उताणा निजून पोट उघडे करी. १८३२ साली त्याच्याशी रीतसर करार झाला: वर्षाला १५० डॉलर, शिवाय अन्नवस्त्र. त्याला लिहिता येत नव्हते. कागदावर त्याने फुली मारली. विज्ञानाच्या दृष्टीने ते एक अपूर्व जठर होते. त्याच्या दृष्टीने ते पोट होते, ज्याच्यापायी माणसाला कुठेही राबावे लागते. १८३४ साली तो कॅनडात आपल्या माणसांत गेला तो गेलाच. डॉक्टरने कितीदा पत्रे धाडली, पण तो परतला नाही.

डॉक्टर १८५३ मध्ये वारला. भोक घेऊन जगणारा त्याचा रोगी त्यानंतर २७ वर्षे जगला, मुलाबाळांचा धनी झाला आणि १८८० साली मरण पावला. ते जठर आपल्या हाती यावे म्हणून वैद्यकशास्त्रातली मोठी माणसे टपली होती. घरच्यांनी काय करावे? ऐन उन्हाळ्यात त्यांनी प्रेत मुद्दाम बरेच दिवस घरात ठेवले, ते कुणाच्या उपयोगाचे उरले नाही असे पाहिले आणि मगच खूप खोल खड्डा खणून पुरले. जिवंतपणी जी खिडकी बंद करता आली नाही, ती त्यांनी अशी बंद केली.

शास्त्रज्ञांचे उपकार आपण मानतोच, बोमाँटचेही मानावेत. त्याने रोग्याला जगविले, आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. पण त्या पुस्तकाच्या पानोपानी आणखी एका माणसाच्या पोटातली कळ आहे. यंदा फराळाच्या ताटावर घरात कोणी वाद काढलाच, तर त्याला खुशाल सांगा, की रागात खाल्लेले अंगी लागत नाही, हे एका माणसाच्या पोटात डोळ्यांनी पाहिलेले आहे. मात्र त्या माणसाचे नाव पोटात ठेवू नका. ते ओठांवर येऊ द्या.