साखरेचा स्टॉल कसा मांडावा?



कारखान्याची साखर ५० किलोच्या पोत्यातून व्यापाऱ्याकडे जाते, पुढे किराणा दुकानात सुटी विकली जाते. पोते फोडले की आपले नाव तिथेच संपले. तीच साखर पाकिटात, आपल्या नावाने विकायची तर पहिला स्टॉल नीट मांडला पाहिजे. ऊस विकास हे आमचे खाते, दुकानदारी नव्हे; पण साखर खपली तरच उसाचे पैसे होतात, म्हणून हे चार शब्द.

नमुना शोधायला लांब जायला नको. रसवंतीच पाहा ना. चरकाला बांधलेली घुंगरे वाजली की रसवंती दिसायच्या आधी कळते. पाटीवर पुष्कळदा 'कानिफनाथ' नाहीतर 'नवनाथ'. कानिफनाथांचा गड पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ आहे; त्या भागातली माणसे हा धंदा घेऊन गावोगाव गेली, तशी नावेही गेली. शिवाय ऊस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चरकात जातो, शंकेला जागाच राहत नाही. लांबून कळणारी खूण, ठरलेले नाव आणि समोर दिसणारा माल, या तीन गोष्टी स्टॉलला हव्यात.

समजा, अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्र यात्रेत सुरुवात करायची आहे. देऊळ टेकडीवर आहे. चढणारा माणूस ओझे घेत नाही, उतरणारा घेतो. म्हणून स्टॉलचे तोंड उतरणाऱ्यांकडे असावे. पाटीवर फक्त कारखान्याचे नाव, 'साखर' आणि भाव, तोही ठळक. पदाधिकाऱ्यांचे फोटो लावून जागा अडवू नये. फळीवर काचेच्या दोन बरण्या ठेवाव्यात, एकीत एस-३०, दुसरीत एम-३०. एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम. ३० हा रंगाचा क्रमांक. हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे.

शिक्का मारलेला वजनकाटा पुढेच ठेवावा. ज्याला शंका येईल त्याने पाकीट स्वतः तोलून पाहावे. पाकिटावर कारखान्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न सुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक हवाच. परतीच्या पावसात साखर ओल धरते, खडे होतात. म्हणून पाकिटे जमिनीवर नकोत, लाकडी फळ्यांवर रचावीत, वर ताडपत्री असावी.

आपण शेतकरी जाणतोच, लागण साधली तर खोडवा साधतो. यात्रेतली विक्री ही लागण. तेच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात किराणा दुकानात आपले नाव घेऊन साखर मागेल, तो खोडवा. पहिल्याच दिवशी पाकीट १० ग्रॅमने कमी भरले, तर नाव लक्षात राहील खरे, पण भलत्याच कारणाने.

सभासदांनी, विशेषतः घरी साखर पारखणाऱ्या भगिनींनी, आपल्या सूचना गट कार्यालयात चिठ्ठीने द्याव्यात.