चव मिरचीच्या सालीत असते

परभणी जिल्ह्यात उन्हाळा तापला की वर्षाच्या तिखटाची घाई सुरू होते. मिरच्या उन्हात कडकडीत होतात, देठ खुडले जातात आणि पोतं कांडपावर जातं. तिथून परत येतं ते फक्त तिखट. मिरचीचं मूळ घर असलेल्या मेक्सिकोत वाळलेली मिरची अशी सगळी एका भुकटीत संपत नाही. सुकवलेली पोब्लानो म्हणजे आंचो, शिवाय ग्वाहियो, पासिया, प्रत्येकीचा रंग आणि स्वाद वेगळा मानला जातो. त्या तव्यावर काही क्षण शेकतात, बिया काढतात, गरम पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवतात, वाटतात आणि ते वाटण तेलात परततात. रश्श्याला दाटपणा त्या वाटणातूनच येतो. ही रीत परभणीच्या रोजच्या कालवणातही यायला हवी, कारण आपण मिरचीकडे तिखटपणापलीकडे काही मागतच नाही.

याचं कारण मिरचीच्या घडणीतच आहे. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन मुख्यतः बिया ज्यांना चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरांत असतं. रंग आणि फळाचा गोडसर स्वाद सालीत असतो. सगळं एकत्र कांडलं की भाजीत किती घालायचं हे शिरा ठरवतात. जिभेला सोसेल तिथे हात थांबतो आणि सालीचा स्वाद तेवढ्यावरच अडतो. शिरा व बिया काढल्या तर त्याच तिखटपणात कितीतरी जास्त साल घालता येते. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत तिखटपणा मोजण्याची रीत काढली. त्या मापात रंग, वास, गोडवा यांना जागाच नाही, आणि बाजारात आपणही बहुधा त्याच एका मापाने मिरची निवडतो.

आपली मिरची पोब्लानोसारखी जाड गराची नाही, हा आक्षेप खरा आहे. लवंगी किंवा ज्वाला भिजवून वाटीभर वाटण केलं तर ते जेवण कोणालाच झेपणार नाही. पण ब्याडगी आहे. कर्नाटकच्या हावेरी जिल्ह्यातल्या या सुरकुतलेल्या, गडद लाल मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिची कीर्ती तिखटपणापेक्षा रंगाचीच आहे. काश्मिरीही चालते. सालीचा भार यांच्यावर टाकावा आणि झणक्यापुरती स्थानिक मिरची घ्यावी. एक गोष्ट मात्र सांभाळायची: मिरचीचा रंग आणि कॅप्सेसिन दोन्ही पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात, म्हणून वाटण तेल सुटेपर्यंत परतलंच पाहिजे. आणि तव्यावर साल काळी पडू द्यायची नाही, नाहीतर सगळा रस्सा कडू होतो.

मग आपल्या येसराचं काय? येसराला हात लावायचं कारणच नाही. गहू, डाळी, मसाले भाजून दळलेलं येसर आमटीला दाटपणा देतं. मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या मोले या मिरचीच्या रश्श्यातही तीळ, दाणे, टॉर्टिया म्हणजे मक्याची शिळी पोळी वाटून घालतात ते त्यासाठीच. भाजलेल्या धान्यावर आणि तेलबियांवर रस्सा उभा करण्याची ही जाण मराठवाड्यात आधीपासूनच आहे. भिजवलेल्या मिरचीचं वाटण येसराच्या आमटीत घातलं तर दोन्ही एकमेकांना पूरकच ठरतील.

राहतो वेळेचा प्रश्न, आणि तो हलका नाही. शेतातून दमून आलेल्या बाईला रोज मिरच्या भिजवायला सांगणं अन्यायाचं होईल. पण हे वाटण तेलात परतून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं, आणि भिजवण्याच्या वेळात भाकरी होतात. शिवाय अख्खी मिरची डोळ्यांनी पारखता येते. बुरशीचा डाग, मोडलेले तुकडे, उन्हाने पांढरी पडलेली साल लगेच दिसते. विकतच्या भुकटीत यातलं काहीच कळत नाही. २००३ मध्ये भारतातून फ्रान्सला गेलेल्या मिरचीपुडीत सुदान हा तेला-मेणाला वापरायचा औद्योगिक रंग सापडला होता. अख्ख्या मिरचीत अशी लबाडी लपवणं फार अवघड आहे.